भिंतीवर टांगलेली मुसी

रिकामी भिंत आपल्याकडील माणसाला फार काळ सोसवत नाही. नव्या घराचा ताबा मिळून सामानसुमान लागते न लागते तोच कोठे काय टांगावे याची चर्चा सुरू होते. पूर्वी या चर्चेला फारसा वाव नव्हता. देवादिकांच्या तसबिरी, वडीलधाऱ्यांची छायाचित्रे, वाण्याने दिवाळीला दिलेली दिनदर्शिका आणि एखादे लंबकाचे घड्याळ एवढ्यात चारही भिंती भरून जात. नव्या घरांतून या जुन्या मंडळींची हळूहळू उचलबांगडी झाली आणि त्यांच्या जागी बाजारात गठ्ठ्याने मिळणारी चित्रे आली. कोण्या परक्या गावचा पूल, पावसाने ओला झालेला रस्ता, तांबडी छत्री घेऊन चाललेली पाठमोरी स्त्री! ही चित्रे वाईट असतात असे नाही. परंतु तीच शेजाऱ्याकडे, तीच दंतवैद्याच्या दवाखान्यात आणि तीच कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात दिसू लागली म्हणजे त्यांच्याकडे कोणी पाहीनासे होते.

अलीकडे या चित्रांच्या जोडीला जुन्या शहरांचे नकाशे येऊ लागले आहेत. हैदराबादच्या वायव्येस असलेल्या कुकटपल्लीचेच उदाहरण घ्यावे. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीमुळे १९८० नंतरच्या काळात झपाट्याने वाढलेल्या आणि आता उंच इमारतींनी गजबजून गेलेल्या या उपनगरात, दिवाणाच्या वरच्या भिंतीवर सीन नदीकाठचे पॅरिस किंवा थेम्सकाठचे लंडन मोठ्या दिमाखाने टांगलेले आढळते. नकाशाने भिंत सजवावी ही कल्पना उत्तमच आहे. प्रश्न एवढाच, की ज्या घरापासून चौदा-पंधरा किलोमीटरवर मुसीकाठचे चारशे वर्षांहून जुने शहर उभे आहे, त्या घराने सीन नदी का टांगावी?

नकाशाचा शोभेसाठी उपयोग करण्याची रीत काही आजची नव्हे. सतराव्या शतकातील डच चित्रकार यान व्हर्मीर याच्या चित्रांतून खिडकीशी बसलेल्या माणसांच्या पाठीमागे, भिंतीवर मोठमोठे नकाशे टांगलेले दिसतात. त्या काळच्या डच घरात नकाशा ही ज्ञानाची तशीच ऐटीची वस्तू होती. पॅरिसचा जो नकाशा आज जगभर भिंतीवर लावला जातो, तो तेथील एक अधिकारी मिशेल एत्येन तुर्गो याने १७३४ साली लुई ब्रेतेज याच्याकडे सोपविलेल्या कामाचे फळ आहे. १७३९ साली तो २० तावांत प्रसिद्ध झाला. त्यात पॅरिस वरून, पक्ष्याच्या नजरेने पाहिल्यासारखे काढलेले असून घराघराचे छप्पर आणि खिडक्या दिसतात. आपल्याकडे या प्रकाराची सख्खी बहीण म्हणजे काशीचा नकाशा. कैलासनाथ सुकुल यांनी १८७६ साली सिद्ध केलेल्या ‘काशीदर्पण’ या नकाशाच्या प्रती कापडावरही छापल्या गेल्या. त्यात गंगा, घाट, देवळे आणि कुंडे यांची एवढी दाटी आहे की मोकळी जागा शोधावी लागते. अशा नकाशावरून कोणी रस्ता शोधावा ही अपेक्षाच नव्हती. ज्या पुण्यभूमीत एकदा पाऊल ठेवले, किंवा जेथे जाणे घडलेच नाही, ती डोळ्यांसमोर राहावी एवढाच त्यांचा हेतू होता.

तुर्गोचा आणि काशीचा, हे दोन्ही चित्रनकाशे. मोजणीचा नकाशा ही जात वेगळी. तो सुंदर दिसावा म्हणून कोणी काढीत नाही. साखळी, खुंट आणि कोन मोजण्याचे यंत्र घेऊन माणसे गल्लीबोळांतून हिंडतात, प्रत्येक भिंतीची लांबी घेतात, आणि मग कचेरीत बसून रेघ ओढतात. त्या रेघेत चित्रकाराची मर्जी चालत नाही. म्हणूनच मोजणीच्या जुन्या नकाशाला एक निराळे देखणेपण येते. सुताराच्या रंध्याला जसे देखणेपण असते तसे. दिवाणखान्यासाठी निवड करावयाची झाल्यास चित्रनकाशा पहिल्या दिवशी अधिक आवडेल. परंतु दहा वर्षांनी ज्याच्यात काहीतरी नवे सापडेल तो मोजणीचाच नकाशा होय.

हैदराबादच्या सुदैवाने असा एक नकाशा त्या शहरापाशी आहे. तो काढला जाण्याचे कारण मात्र सुदैवाचे नव्हते.

मराठी दप्तरांत ज्याला भागानगर म्हटले आहे ते हे शहर महंमद कुली कुतुबशहाने १५९१ साली मुसीच्या दक्षिण तीरावर वसविले. जुनी मंडळी जिला मुचकुंदा म्हणतात ती मुसी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरांत उगम पावते, पश्चिमेकडून पूर्वेकडे शहरातून वाहत जाते आणि पुढे नळगोंड्याच्या बाजूस कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात तिच्या वाळूतून पायी पलीकडे जाता येई. अशा नदीचे भय कोणाला वाटणार? शहर तिच्या पात्रापर्यंत सरकत गेले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मात्र तिने जे रूप दाखविले ते हैदराबादच्या कोणत्याही जुन्या घराण्यात अद्याप विसरले गेलेले नाही. वरच्या अंगाला मुसळधार पाऊस झाला, तळ्यांमागून तळी फुटली आणि ते सारे पाणी एकदम शहरावर आले. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो. नदीवरचे तीन पूल वाहून गेले; कुतुबशाहीत १५७८ साली बांधलेला पुराना पूल तेवढा उभा राहिला. अफझलगंजच्या बाजूस एका प्रचंड चिंचेच्या झाडावर दीडशेच्या आसपास माणसे चढून बसली आणि वाचली. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे आणि दर वर्षी त्या दिवशी लोक तेथे जमतात.

पुरानंतर निजाम सरकारने ज्यांना पाचारण केले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे महाराष्ट्राला काही परके नव्हेत. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले, मुंबई इलाख्यात त्यांची नोकरी झाली आणि खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी बसविलेली आपोआप उघडणारी दारे प्रसिद्धच आहेत. १९०९ साली हैदराबादेस येऊन त्यांनी पाहणी केली तेव्हा असे दिसून आले की, शहराच्या वरच्या खोऱ्यात ७८८ तळी होती आणि त्यांपैकी २२१ फुटली होती. म्हणजे पूर नदीतून आला असे म्हणणे अर्धेच खरे. तो गावोगावच्या तळ्यांतून, ओढ्यांतून, सखल शेतांतून आला. पाणी अडविण्यासाठी वरच्या बाजूस दोन मोठे तलाव बांधावेत ही त्यांची सूचना पुढे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) यांच्या रूपाने अमलात आली. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले.

शहर सुधारावयाचे तर आधी ते आहे तसे कागदावर आले पाहिजे. निजाम सरकारच्या चाकरीत असलेला आणि खाणी व भूस्तर यांचा जाणकार असलेला लेनर्ड मन या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १९१२ ते १९१५ या काळात हैदराबादची मोजणी झाली. तिचे ताव आठशेहून अधिक भरले. घर, वाडा, चौक, विहीर, मशीद, देऊळ, कबरस्तान, बाग, गल्ली असे सारे त्यांत रेघेरेघेने उतरले. हैदराबादच्या अभ्यासकांत हे ताव ‘मनचे नकाशे’ म्हणूनच ओळखले जातात.

या नकाशाचे खरे मोल त्याच्या वर्षांत आहे. पूर ओसरला होता. पण त्यानंतर जे नवे हैदराबाद नदीकाठी उभे राहिले, ते अद्याप यावयाचे होते. दक्षिण तीरावरील उच्च न्यायालयाची लाल दगडी इमारत १९२० साली खुली झाली, समोरच्या तीरावरील उस्मानिया रुग्णालयाची इमारत १९२५ साली तयार झाली, तर आसफिया ग्रंथालय आपल्या आजच्या वास्तूत १९३६ साली आले. आज मुसीकाठ म्हटला म्हणजे जे तीन घुमट आणि कमानी डोळ्यांसमोर येतात, त्यांपैकी एकही या नकाशात सापडावयाची नाही. जुने मोडले आहे, नवे आलेले नाही, आणि मधल्या तीन वर्षांत कोणीतरी घटकाभर थांबून साऱ्या शहराचे माप घेतले आहे. असा क्षण फारच थोड्या शहरांच्या वाट्याला येतो. पुण्यात पानशेतच्या पुराने १२ जुलै १९६१ रोजी मुठेकाठचे जे वाडे नेले, त्यांच्या जागा आज केवळ आठवणीने दाखवाव्या लागतात.

मराठी घराला या तावांत आणखी एक जिव्हाळ्याचा भाग सापडेल. नदीच्या उत्तरेस गौळीगुडा, सुलतान बाजार, काचीगुडा या वस्त्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. केशवराव कोरटकर, वामन नाईक आदींच्या प्रयत्नांतून १९०७ साली, म्हणजे पुराच्या आदल्या वर्षी, निघालेली विवेकवर्धिनी ही शाळा याच परिसरातली. त्या काळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे निजामाच्या राज्यात असल्यामुळे हैदराबाद ही मराठवाड्याचीही राजधानी होती. शिक्षणाला, वकिलीला, नोकरीला माणूस तेथेच जाई. आजोबा ज्या गल्लीत राहिले ती गल्ली नकाशात बोटाने दाखविता आली, तर नातवाला ‘आपण मूळचे कुठले’ या प्रश्नाचे उत्तर भिंतीवरच मिळते. सुलतान बाजारातील खोल्या सोडून ज्यांनी कुकटपल्लीसारख्या ठिकाणी सदनिका घेतल्या, त्यांच्याकडे तरी असा ताव असावयासच हवा.

आता एक अडचण. कुकटपल्ली मुळी या नकाशात नाहीच. नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, मुंबईकडे जाणाऱ्या वाटेवरचे ते एक खेडे होते. मग तेथल्या भिंतीवर मुसीचा नकाशा लावणे म्हणजे पुन्हा सीन नदी लावण्यासारखेच नव्हे काय?

तसे नाही, आणि याचे कारण पाण्यात आहे. कुकटपल्लीच्या परिसरात पडलेला पाऊस उताराने नाल्याला मिळतो. तो कुकटपल्ली नाला बेगमपेठच्या अंगाने हुसेनसागरात उतरतो. हुसेनसागर इब्राहिम कुतुबशहाच्या अमदानीत, १५६२-६३ च्या सुमारास बांधला गेला. चारमिनार उभा राहण्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षे! तो भरला म्हणजे त्याचे जादा पाणी दुसऱ्या नाल्याने शहराच्या पोटातून जाऊन अखेर मुसीत पडते. कुकटपल्लीच्या गच्चीवरून ओघळलेला थेंब या वाटेने मुसीलाच जातो. नकाशात गावाचे नाव नाही, पण गावचे पाणी आहे. उलटपक्षी, नळाला येणारे पाणी कोठले? उस्मानसागर आणि हिमायतसागर पुरेनासे झाल्यावर १९६५ पासून हैदराबादला मांजरेचे पाणी येऊ लागले. मांजरा ही बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरांतली, म्हणजे मराठवाड्याची लेक. पुढे कृष्णा आणि गोदावरी यांचेही पाणी आले. अशी ही देवघेव आहे, आणि ती घरातील मुलांना ठाऊक नसावी हे काही बरे नव्हे.

पाण्याची ही वाट केवळ भूगोलाच्या पुस्तकापुरती राहिलेली नाही. १३ आणि १४ ऑक्टोबर २०२० रोजी हैदराबादेत जो पाऊस कोसळला त्यात तळ्यांचे बांध फुटले, सखल वसाहती पाण्याखाली गेल्या आणि माणसे दगावली. १९०८ च्या पुराच्या वृत्तान्तात जी तळी वाचावयास मिळतात, त्यांचीच नातवंडे ती. कुकटपल्लीतील नल्ला चेरुवु हे तळे तर सप्टेंबर २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत गाजले. त्याच्या हद्दीत झालेली बांधकामे सरकारने पाडली. चेरुवु म्हणजे तेलुगूत तळे. वसाहतीच्या नावात चेरुवु किंवा कुंटा असा शब्द असला तर घर घेणाऱ्याने एकदा तरी जुना नकाशा पाहिलेला बरा. तळे बुजविता येते, परंतु पाण्याला ते कळत नाही.

म्हणून कुकटपल्लीच्या घराने मुसीकाठच्या तावांच्या जोडीला भारतीय सर्वेक्षण खात्याचा, मैलाला एक इंच या प्रमाणाचा जुना नकाशाही मढवून लावावा. त्यावर तळी निळ्या रंगात दाखवीत आणि खेडी ठिपक्यांनी. ज्या जागी आज दहा मजले उभे आहेत तेथे निळा डाग दिसणे ही शोभेच्या वस्तूकडून होणारी लहानसहान करमणूक नव्हे. या खात्याच्या मोजणीलाही हैदराबाद नवे नाही. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा जनक विल्यम लॅम्टन आपल्या अखेरच्या वर्षांत हैदराबादेस मुक्काम करून होता. तेथून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे तो वारला आणि तेथेच त्याला पुरले. वर्धा जिल्ह्यातील या थडग्याकडे वाट वाकडी करून जाणारे प्रवासी फार थोडे!

असो. नकाशा ठरला म्हणजे पुढचा प्रश्न तो किती मोठा घ्यावा. आठशे ताव कोणाच्याच भिंतीवर मावणार नाहीत. समजा, ताव इंचाला पन्नास फूट या प्रमाणाचा आहे; तर एक मैल कागदावर जवळजवळ नऊ फूट लांब होतो. तेव्हा शहराचा मोह सोडून चार किंवा सहा सलग ताव निवडावेत. पुराना पूल ते अफझलगंज एवढा नदीचा भाग घेतला तर दोन्ही तीर येतात, पात्राचे वळण येते आणि वस्तीही भरपूर येते. नदी आडवी वाहत असल्यामुळे चौकटही आडवी घ्यावी. उभ्या चौकटीत मुसी कापली जाते. मूळ कागद विकत मिळाला तरी तो टांगू नये. मूळ कागदाची जागा दप्तरखान्यात. हैदराबादेत तार्नाका येथे राज्याचे दप्तरखाने आहेतच. भिंतीवर त्याची छापील प्रत पुरे. जुन्या तावांच्या प्रतिमा आता संगणकावरही पाहावयास मिळतात आणि चांगला छापखाना त्यांवरून हवी तेवढी मोठी प्रत काढून देतो.

प्रत काढताना एक गोष्ट आवर्जून सांभाळावी. पुष्कळ नकाशांवर ‘इंचाला इतके फूट’ असे शब्दांत लिहिलेले असते. प्रत निम्म्याने लहान केली की हे वाक्य खोटे ठरते, कारण आता त्याच इंचात दुप्पट फूट मावतात. वाक्य मात्र पूर्वीचेच छापून येते. याच्या उलट, तळाशी आखलेली मापपट्टी नकाशाबरोबरच लहान-मोठी होते आणि नेहमी खरे बोलते. दुकानदार अनेकदा ‘खालची पट्टी उगाच जागा खाते’ म्हणून ती कापून टाकतो. ती कापू देऊ नये. उत्तर दिशा दाखविणारा बाण आणि मोजणीचे वर्ष यांनाही हात लावू देऊ नये. वर्ष नसलेला नकाशा म्हणजे खालची तारीख फाटलेले पत्र.

कागदाविषयी थोडेसे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद त्यातील आम्लामुळे काही वर्षांत पिवळा पडून कडकडीत होतो. कापसाच्या किंवा चिंध्यांच्या लगद्याचा, आम्लरहित कागद टिकतो. दौलताबादजवळील कागजीपुऱ्याच्या हातकागदाचे नाव मोठे आहे आणि निजामाच्या राज्याचा नकाशा त्यावर छापावा असे कोणाच्याही मनात येईल. परंतु मोजणीच्या बारीक रेघा त्याच्या खरखरीत अंगावर तुटतात. तो मागच्या अस्तराला वापरावा, छपाईला गुळगुळीत कागदच बरा. काचेला कागद चिकटून असेल तर पावसाळ्याच्या दमटपणात शाई काचेला धरते. म्हणून सभोवती जाड पुठ्ठ्याची कड देऊन कागद आणि काच यांत अंतर ठेवणे अवश्य आहे. हा पुठ्ठाही आम्लरहित मागावा. नाहीतर कडेने तपकिरी रेघ उमटते. चिकटपट्टी लावून कागद बसविणारा कारागीर भेटला तर नमस्कार करून दुसऱ्याकडे जावे.

काही दुकानांत प्रत मुद्दाम जुनी करून देतात. चहाच्या पाण्यात बुडवून डाग पाडतात, कडा मेणबत्तीवर होरपळवतात. हा प्रकार पाहिला की हसू येते. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा असाच तो नकाशा मोजणी कचेरीतून बाहेर पडला होता. त्याला चाच्यांच्या खजिन्याचे सोंग कशासाठी? सोनेरी वेलबुट्टीची चौकटही याच कारणाने टाळावी. सागाची किंवा शिसवीची बोटभर रुंद, साधी पट्टी अशा नकाशाला शोभून दिसते. दिवाणावर लावावयाचा असल्यास चौकटीची रुंदी दिवाणाच्या दोन-तृतीयांशाच्या जवळपास असावी, आणि त्याच भिंतीवर दुसरे काही असू नये.

जागा निवडताना ऊन पाहावे. हैदराबादचा एप्रिल-मे महिन्यांतला उजेड छपाईचे रंग उडवितो. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत तर मुळीच नको. ज्या भिंतीला बाहेरून पाऊस लागतो तिच्यावरही लावू नये, कारण ओल मागून येते आणि ती दिसेपर्यंत बुरशी धरलेली असते. आतली भिंतच घ्यावी, आणि चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या लावाव्यात. तेवढ्या फटीतून वारा खेळतो व कसर लागण्याची भीती कमी होते. सहा तावांची चौकट काचेसह बरीच जड होते. तिला एका खिळ्यावर सोडू नये. दोन ठिकाणी भिंतीला भोक पाडून मळसूत्र बसवावे.

उंचीच्या बाबतीत मात्र रूढ नियम थोडा मोडावयास हरकत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर असावा असे सांगतात. ते चित्राला ठीक. नकाशा जवळ जाऊन, बोट ठेवून पाहावयाचा असतो, आणि सर्वांत आधी बोट ठेवतात ती मुले. तेव्हा तो वीतभर खाली उतरवावा आणि त्याच्यापुढे खुर्ची किंवा फुलदाणी ठेवू नये. दिवाणावरच्या भिंतीपेक्षा जेवणाच्या खोलीतली किंवा आत जाण्याच्या वाटेवरची भिंत या दृष्टीने सरस ठरते. एखादे बहिर्गोल भिंग जवळच दोरीने अडकवून ठेवावे.

असा नकाशा घरात आला की त्याची पडताळणी करण्याची इच्छा होणारच, आणि कुकटपल्लीकराला ती फार सोपी आहे. सप्टेंबर २०१८ पासून मियापूरहून निघालेली मेट्रो कुकटपल्ली, अमीरपेठ अशी येत थेट महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत आणि पुढे मुसी ओलांडून मलकपेठेकडे जाते. गाडी बदलावी लागत नाही. तावाची एक लहान प्रत खिशात घेऊन बसस्थानकाशी उतरावे आणि नदीच्या कडेकडेने पश्चिमेस चालू लागावे. वाटेत गौळीगुडा लागेल, अफझलगंज लागेल, रुग्णालयाच्या आवारातील ती चिंच लागेल. नकाशात जेथे विहीर आहे तेथे आज काय आहे, गल्लीचे वळण तेच आहे की सरळ केले, कोणते नाव टिकले आणि कोणते गेले, हे जागोजाग टिपावे. काही नावे मोजणी कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी पडलेली असतील, आणि गरिबांच्या झोपड्यांना तर नावच नसेल; ज्यांची घरे १९०८ साली वाहून गेली ती पुष्कळशी अशाच बिननावाच्या वस्तीतली होती.

टिपलेल्या खुणा घरी येऊन मूळ चौकटीत घालावयाच्या झाल्यास नकाशावर रेघ ओढू नये. सभोवतीच्या पुठ्ठ्याच्या कडेवर शिसपेन्सिलीने बारीक लिहावे. वायव्येच्या कोपऱ्यात एक बाण काढून तेथे ‘कुकटपल्ली’ असे लिहिता येईल. काच पुसताना पाणी काचेवर न शिंपडता फडक्यावर घ्यावे, नाहीतर ते कडेने आत उतरते. दर पावसाळ्याच्या अखेरीस चौकट उतरवून मागची बाजू एकदा उजेडात पाहावी.